कंपनीने दाद मागायची कुणाकडे?

"बहुराष्ट्रीय कंपन्यांना हुकूमशाहीच मानवते," एक्स्पोर्टवाला मित्र ठामपणे म्हणाला. "टेस्लाचं शांघाय बघ. 2019 च्या जानेवारीत पायाभरणी आणि वर्ष संपायच्या आत गाड्या बाहेर. लोकशाहीत तोवर जमिनीची फाईल तरी हलली असती का?"

वकील उसळलाच. "एका सहीने मिळतं ते एका सहीने जातंही. जुलै 2023 मध्ये रशियात एक फर्मान निघालं, आणि दानोन नि कार्ल्सबर्ग या युरोपीय कंपन्यांच्या तिथल्या उपकंपन्यांचा कारभार सरकारने 'तात्पुरता' म्हणून ताब्यात घेतला. कोर्टबिर्ट काही नाही."

"आणि भारतात?" एक्स्पोर्टवाल्याने विचारलं. "व्होडाफोन ही मोबाईल कंपनी जानेवारी 2012 मध्ये सुप्रीम कोर्टात कराचा खटला जिंकली. त्याच वर्षी संसदेने करकायदा मागच्या तारखेपासून बदलला!"

हे खरंच आहे, आणि मला ते आजही खुपतं. पण गोष्ट तिथे संपली नाही. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय लवादाचा निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि 2021 मध्ये संसदेनेच ती तरतूद मागे घेतली. उशीर झाला, फार झाला, पण दार ठोठवायला जागा होती. रशियात ती कुठे होती?

"मग सिंगापूर?" एक्स्पोर्टवाला हटेना. "1959 पासून एकच पक्ष सत्तेवर. तरी कंपन्यांची रीघ!"

इथे मात्र त्याने माझंच म्हणणं पक्कं केलं. तिथे करार पाळला जातो, व्यापारी तंट्यात न्यायालयावर भरवसा ठेवता येतो. गुंतवणूक करणारा पक्ष मोजत बसत नाही. कर उद्या किती असेल, नफा मायदेशी नेता येईल का, करार मोडला तर कुणाकडे जायचं, हे तो आधी विचारतो. निवडणुका होतात की नाही, एवढ्यावरून याची उत्तरं मिळत नाहीत.

एवढा वेळ गप्प असलेली मैत्रीण म्हणाली, "तुम्ही सगळे कंपनीच्याच खुर्चीत बसून बोलताय. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात निवडून आलेल्या आर्बेन्झ सरकारने 1952 च्या कायद्याने युनायटेड फ्रूट या अमेरिकन केळी कंपनीची पडीक जमीन भूमिहीनांसाठी घेतली. 1954 मध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेच्या मदतीने ते सरकारच उलथवलं गेलं. त्या मतदारांनी दाद कुणाकडे मागायची होती?"

"पण जमिनीची भरपाई तर द्यायला हवी ना?" एक्स्पोर्टवाल्याचा आवाज आता खाली आला होता.

"देत होते की. कर कमी बसावा म्हणून कंपनीने स्वतःच कागदोपत्री जी किंमत दाखवली होती, तेवढीच."