तक्रार निकाली निघाली, फुटपाथ कुठेय?

पाचपाखाडीत आमच्या बिल्डिंगच्या गेटबाहेर एक पेव्हर ब्लॉक आहे, तो हलतो. म्हणजे उन्हाळ्यात नुसता 'टक' करतो बिचारा, पण पावसाळ्यात त्याच्यावर पाय पडला की खालून असा चिखलाचा फवारा येतो की डायरेक्ट गुडघ्यापर्यंत! तिसऱ्या पॅन्टचा बळी गेला तेव्हा बायको म्हणाली, घरात काय ओरडतोस, ट्विटरवर टाक.

आता पूर्वी कसं, नगरसेवकाच्या ऑफिसात जायचं, अर्धा कप चहा प्यायचा, "बघतो" ऐकायचं आणि घरी यायचं. मनाला बरं वाटायचं. पण ठाण्यात २०२२ च्या मार्चमध्ये नगरसेवकांची मुदत संपली ती पुढची निवडणूक थेट २०२६ च्या जानेवारीत, म्हणजे मधे जवळजवळ चार वर्षं "बघतो" म्हणायलासुद्धा कोणी नाही. (१९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती, वॉर्ड समित्या, लोकांचा सहभाग वगैरे आपण घोकलंय हो सगळं, पण चिखल पुसायला त्याचा उपयोग होत नाही.)

तर मी फोटो काढला, टाकला, सगळ्यांना टॅग केलं. पाच मिनिटांत उत्तर! "कृपया लोकेशन कळवा." कळवलं. "कृपया मोबाईल नंबर डीएम करा." केला. "आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवण्यात आली आहे." मला इतकं भरून आलं की स्क्रीनशॉट सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, तिथे अठरा अंगठे आणि एक गुलाबाचं सुप्रभात.

पण लोक फोटो फार बारकाईने बघतात राव. ब्लॉक राहिला बाजूला, मागे नो पार्किंगच्या बोर्डाखाली माझीच स्कूटर उभी होती, नंबर प्लेट एकदम क्लिअर. कोणा जागरूक नागरिकाने ट्रॅफिकवाल्यांना टॅग केलं आणि ई-चलान घरपोच. हा झाला लोकसहभाग.

नवव्या दिवशी मेसेज आला, तक्रार निकाली, सोबत फोटो. काय फुटपाथ होता! सरळ, सपाट, झाडून काढलेला. मी चप्पल घालून पळतच खाली गेलो. टक.

वर येऊन फोटो झूम केला तर कोपऱ्यात पिठाच्या गिरणीची पाटी. ही गिरणी चरईतली, आमची भाजणी तिथेच दळतात! तडक गेलो. गिरणीवाले काका दारात उभे, एकदम खूश.

"अहो आमच्याकडून कोणी तक्रारच केली नव्हती, सकाळी शटर उघडतो तर माणसं कामाला लागलेली. कोणाची पुण्याई काय माहीत."

"माझी," मी म्हटलं.

काकांनी दळणाचे पैसे घेतले नाहीत.

सेक्रेटरी म्हणतात माहिती अधिकारात अर्ज टाका, दहा रुपयांत काम, तीस दिवसांत उत्तर. मी म्हटलं थांबा हो, मला सिस्टीम कळलीये. काल नौपाड्यात जाऊन एका गल्लीतल्या हलणाऱ्या ब्लॉकचा फोटो काढून आलो (स्कूटर लांब लावून) आणि रात्री टाकला. तिथे माझ्या ओळखीचं कोणी राहत नाही.

पाच मिनिटांत उत्तर आलं, "कृपया लोकेशन कळवा."

कळवलंय.