सापाला पाय पसरायला जागा

शेजारचे घर सोडून गेले आणि जाताना तीन फुटी व्हिव्हेरियम (साप-सरडे पाळायची पेटी) आम्हाला फुकट देऊन गेले. लेकीने लगेच "साप आणूया"चा धोशा लावला, इंग्लंडमध्ये कॉर्न स्नेक पाळायला लायसन्स लागत नाही, बायको म्हणाली निदान पावसात फिरवायला तरी न्यावं लागणार नाही, झालं! शनिवारी रेडिंगमधल्या एका रेप्टाइल शॉपमध्ये जाऊन मी सरळ म्हटलं, टाकी तीन फुटी आहे, तीन फुटात मावेल असा साप द्या.

काउंटरवरचा पोरगा तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज, "तुझी उंची किती?"

वळून बघतो तर एक आजोबा. धड गिऱ्हाईक नाही, धड नोकर नाही, नुसतेच उभे. स्वेटरच्या बाहीतून कसलंतरी डोकं बाहेर येऊन जीभ काढत होतं.

"पाच सात."

"बेडवर सरळ झोपतोस?"

"हो, म्हणजे..."

"मग सापाने का वाकडं झोपायचं?"

दुकानातली सगळी माझ्याकडे बघायला लागली, लेकसुद्धा! मी म्हटलं, अहो साप वेटोळं करूनच बसतो ना. "बसतो. पण सरळ व्हावंसं वाटलं तर?" यावर काय बोलणार? कॉर्न स्नेकचं पिल्लू बोटाएवढं असतं पण वाढून चार-पाच फूट होतं आणि वीस वर्षंही जगतं, म्हणून त्याला किमान चार बाय दोन बाय दोनचं घर पाहिजे, एका टोकाला ऊब, दुसऱ्या टोकाला गारवा, हे सगळं त्यांनी मला पहिलीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. रॉयल पायथन? त्यालाही तेवढंच घर, वर तो रुसला की महिनोन्महिने जेवत नाही. (असं एक माणूस घरात आहे.) तीन फुटात सुखाने राहील असा म्हणजे केनियन सँड बोआचा नर, जेमतेम दीड फूट, पण तो दिवसभर वाळूत गाडून घेणार, दिसलं तर नाक दिसणार. मी त्याचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला तर काकांचा रिप्लाय, "मांडूळ का रे? कितीला?" काका, तिकडे मांडूळ घरात ठेवलं तर वन खातं दारात येईल, कृपा करून ग्रुपवर भाव विचारू नका!

आपल्यात म्हणतात अंथरूण पाहून पाय पसरावेत. इथे ज्याला पायच नाहीत त्याच्यासाठी अंथरूण मोठं करा. आणि मी लंडनला नवा आलो तेव्हा ज्या बॉक्स रूममध्ये राहिलो तिथे दार उघडलं की पलंगाला आपटायचं, बॅग पलंगावर ठेवली की मी उभा. तेव्हा एकाही आजोबाने विचारलं नाही, बाळा तू सरळ होतोस का? लायसन्सवाल्या शेअर्ड घरांत एका माणसाच्या खोलीला किमान 6.51 चौरस मीटर हवेत हा नियम 2018 ला आला, तोवर माझी पाठ कामातून गेली होती. भाडं मात्र पूर्ण घेतलं हो, चौरस फुटाचा हिशोब न करता.

असो. आजोबा शेवटी कानाशी येऊन म्हणाले, "माझ्याकडे एक जुनं चार फुटी पडलंय. ऐंशी पाउंड. थर्मोस्टॅट वेगळा." आणि लेकीने तिथेच हो म्हणून टाकलं. आता ते ठेवायचं कुठे, तर बायको म्हणते हॉलमधलं तुझं टेबल काढ, तू काय, लॅपटॉप मांडीवर घेऊनही बसशील.