सी लिंक झुलता पूल नाही, आणि हलणारा पूल कच्चा नसतो

मुलांकडून पाठ करून घ्या, असं सांगत एक मेसेज फिरतोय: ‘वांद्रे-वरळी सी लिंक हा झुलता पूल आहे. झुलत्या पुलाचा भार मनोरेच पेलतात. असा पूल वाऱ्याने हलला तर तो कच्चा समजावा.’ पाठांतराआधी जरा थांबा.

सी लिंक झुलता नाहीच. गाडीच्या खिडकीतून मुलांनाच बघू द्या: मनोऱ्यावरून निघालेल्या केबल ताठ, तिरक्या रेषेत थेट रस्त्याला भिडतात. झोळ कुठेच नाही. हा केबल-स्टेड पूल. झोळ दाखवायचा तर सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट या झुलत्या पुलाचा फोटो शोधा. तिथे दोन जाडजूड केबल मनोऱ्यांवरून या काठापासून त्या काठापर्यंत जातात, मधे खाली झुकतात. त्यांना उभे दोर लोंबतात आणि त्या दोरांना रस्ता टांगलेला.

मनोऱ्यांचं अर्धं खरं. भार त्यांच्यावर येतो, पण एकट्याने त्यांचा निभाव लागत नाही. घरी करून बघा. दोन खुर्च्यांच्या पाठींना सुतळी बांधा आणि मधे ओला टॉवेल वाळत घाला. खुर्च्या आत कलंडतात. आता सुतळी पाठींवरून नुसती पलीकडे न्या आणि टोकं जमिनीवरच्या तांदळाच्या डब्यांना बांधा. खुर्च्या सरळ! (डबे भरलेले हवेत. आमचा पोह्यांचा डबा टॉवेलच्या मागे घसरत आला.) गोल्डन गेटला डब्यांचं काम दोन्ही काठांवरचे काँक्रीटचे ठोकळे करतात, एकेक ५० हजार टनांहून जड. केबलही एकसंध दांडा नाही. पेन्सिलीहून बारीक अशा २७,५७२ तारांची ती जुडी आहे.

राहिलं हलणं. गोल्डन गेटचा १,२८० मीटरचा मधला भाग वादळी वाऱ्यात आठ मीटर बाजूला सरकला तरी चालेल, असाच बांधलाय. १९३७ पासून उभा आहे. यावर कुणीतरी अमेरिकेतल्याच टॅकोमा नॅरोज पुलाचा व्हिडिओ पाठवणारच. तो १९४० मध्ये उघडला आणि चार महिन्यांत पडला, खरंय. पण त्याचा रस्ता अरुंद, फार लवचीक, आणि कडेला भरीव पोलादी पत्रे. वारा आरपार जाईना. रस्ता पिळवटायला लागला, आणि प्रत्येक पिळाबरोबर वारा त्याला आणखीच पिळत गेला. १९५० मध्ये तिथेच नवा पूल झाला, रुंद आणि जाळीदार तुळयांचा. तोही झुलताच. त्यावरून आजही गाड्या जातात.