तीनशे केबीचा कैदी

२५ जुलै २०२४, गुरुवार. रात्रभर नुसता कोसळत होता. खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत ते शिरलेलं, आणि कंपनीचा सकाळीच निरोप, की आज घरूनच काम करा. आम्ही कोथरूडला, त्यातून चौथ्या मजल्यावर, त्यामुळे कोरडे होतो. असं कोरडं बसलं की राहिलेली कामं आठवतात. मला मात्र ती सीएंनी आठवून दिली.

"अहो, रिटर्नची एकतीस तारीख बुधवारी आहे. तुमचा फॉर्म सोळा अजून नाही आला. पाच हजार लेट फी भरायची हौस असेल तर निवांत पाठवा."

फॉर्म सोळा म्हणजे पगाराचा आणि त्यातून कापलेल्या टॅक्सचा, म्हणजे टीडीएसचा, दाखला. तो कंपनीने १५ जूनपर्यंत द्यायचा असतो आणि आमच्या कंपनीने तो दिलाही होता. कुठे, तर ऑफिसच्या मेलवर. मी तो उघडला होता, कापलेल्या टॅक्सचा आकडा बघून उसासा टाकला होता आणि पुन्हा मिटला होता. सव्वा महिना तो तिथेच. आता तो स्वतःच्या जीमेलवर ढकलायचा आणि तिथून सीएंना. चहा निवायच्या आत होणारं काम. म्हणून चहा घेऊनच बसलो.

फाइलला पासवर्ड होता. पॅन आणि जन्मतारीख. तो मी नाही, कंपनीनेच घातलेला. मेल फॉरवर्ड केला, दोन मिनिटांत परत. 'जोडलेली फाइल पासवर्डने बंद असल्याने आतला मजकूर तपासता येत नाही. सबब ती बाहेर जाऊ देता येत नाही.' म्हटलं, बरोबर आहे. नाकाबंदीत पोलीसही डिकी उघडायला लावतोच. उघडली डिकी. प्रिंटच्या वाटेने बिनपासवर्डाची नवी पीडीएफ काढली. त्यात ती डिजिटल सही गेली, जिच्यावरच्या पिवळ्या प्रश्नचिन्हाची हिरवी खूण करता करता माणूस घामाघूम होतो. जाऊ दे म्हटलं.

या खेपेला लाल पट्टी आली. 'या मेलमध्ये संवेदनशील वैयक्तिक माहिती आढळली आहे. भारतीय पॅन क्रमांक.'

पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. असा साचा दिसला की ते सॉफ्टवेअर झडप घालतं. त्यातलं चौथं अक्षर पी असलं म्हणजे ती व्यक्ती, आणि पाचवं तिच्या आडनावाचं आद्याक्षर. ही व्यक्ती म्हणजे मी. माझी माहिती मी माझ्याकडून चोरून मलाच पाठवत होतो. बंद पाठवली तर संशय, उघडी पाठवली तर गुन्हा!

पट्टीखाली एक चौकोन होता: 'व्यावसायिक कारण लिहा.' मी लिहिलं, 'माय ओन सॅलरी.' उत्तर आलं, कारण किमान तीस अक्षरांचं हवं. मग लिहिलं, 'माय ओन सॅलरी, माय ओन टॅक्स, माय ओन सीए.' तेवढ्यावर त्याचं समाधान झालं आणि मेल 'तपासणीसाठी' कुठल्याशा रांगेत जाऊन बसला. तो बहुधा अजून तिथेच आहे.

बाकीच्या वाटा आधीच बुजवलेल्या. पेनड्राइव्ह लावला तर त्याचा दिवा लागतो, फाइल जात नाही. घरच्या प्रिंटरचा ड्रायव्हर टाकायला अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागतो. जीमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप त्या लॅपटॉपवर उघडतच नाहीत. फॉर्म सोळा समोर दिसत होता, वाचता येत होता, हवा तर पाठ करता येत होता.

तेव्हा मला हुशारी सुचली, आणि माझ्या आयुष्यातल्या बहुतेक भानगडींची सुरुवात या वाक्याने होते. आउटलुकमध्ये नियम करता येतो. अमुक विषयाचा मेल आला की तो आपोआप तमुक पत्त्यावर जावा. केला नियम आणि तो मेल मीच मला पुन्हा पाठवला. क्षणात परत. क्रमांक ५.७.५२०: तुमच्या संस्थेत बाहेर फॉरवर्ड करायला परवानगी नाही. खिडकीबाहेर पाऊस धो धो. खडकवासल्यातून हजारो क्युसेक सुटत होते. माझ्या लॅपटॉपातून तीनशे केबी सुटत नव्हते.

शुक्रवारी सायबर सिक्युरिटीतल्या पोराचा फोन आला. गोड आवाज, माझ्या भाच्याच्या वयाचा.

"सर, काल तुमच्या अकाउंटवर एक्स्टर्नल फॉरवर्डिंगचा रूल तयार झाला. तो तुम्हीच केला ना?"

"मीच. का?"

"नाही सर, हॅकर मेलबॉक्समध्ये घुसला की बऱ्याचदा आधी हेच करतो. गुपचूप एक रूल टाकून ठेवतो. मग आपण पासवर्ड बदलला तरी मेल त्याला जातच राहतात. तो वाचत बसतो, आणि कुणाचं बिल भरायची वेळ आली की बरोबर मध्ये शिरून 'आमचा बँक अकाउंट बदललाय' म्हणून कळवतो."

हे मला पटलं. खरंच पटलं. घरात साप शिरायचं भोक बुजवलं तर त्यातून उंदीरही जात नाही. उंदराने तक्रार करू नये. पण पोराचं संपलं नव्हतं. "सर, एका दिवसात तीन वेगवेगळ्या पद्धतींनी प्रयत्न झालाय. सिस्टिमने तुम्हाला हाय रिस्क दाखवलंय."

सत्तेचाळीस वर्षांत मला पहिल्यांदाच कुणीतरी हाय रिस्क म्हटलं. मी एफडीच्या पुढे कधी गेलो नाही म्हणून बायको बावीस वर्षं ऐकवते आहे. फोन स्पीकरवर टाकायला हवा होता.

प्रकरण मिटवायला त्याला पुरावा हवा होता. माझ्या जीमेलवर कंपनीचं काही पोहोचलं नाही, याचा इनबॉक्सचा स्क्रीनशॉट. फोनवर काढला आणि जीमेलवरून ऑफिसच्या मेलवर पाठवला. तो सुळ्ळकन गेला. त्या दिशेला काही अडत नाही. माझं गॅसचं बुकिंग, विम्याचा हप्ता, दाताच्या डॉक्टरांची तारीख, सगळं कंपनीकडे जमा झालं. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, कुठल्या तरी नोकरीच्या संकेतस्थळाचं पत्र: 'तुमच्यासाठी १४ नव्या संधी.' बारा वर्षांपूर्वी तिथे नाव घातलं होतं. ते रोज येतं. मी रोज पुसतो. त्या दिवशी पुसायचं राहिलं.

सोमवारी बॉस मला कॅन्टीनला घेऊन गेला. तो मला कॅन्टीनला घेऊन जात नाही. कोपऱ्यातलं टेबल धरून हळूच म्हणाला, "किती देतायत?"

"कोण?"

"कंपनीचं नाव नको सांगू. आकडा सांग."

कळायला जरा वेळ लागला. नोकरी सोडणारी माणसं नोटीस देण्याआधी फायली घरी धाडायला लागतात म्हणे, आणि ते सॉफ्टवेअर नेमकं हेच हुडकतं. मी शपथेवर सांगितलं, की मला कुणी काही देत नाही, फक्त सीए मागतायत. त्याच्या तोंडावर आधी सुटका दिसली आणि मागोमाग जराशी कीव. खरंच, याला आता कोण घेणार, हे त्याच्याही ध्यानात आलं असावं. कॉफीचे पैसे मी दिले.

शिवाय शिक्षण. पंचेचाळीस मिनिटांचा सक्तीचा कोर्स, दहा प्रश्न, ऐंशी टक्क्यांना पास. त्यात एका पाटीवर हिलरी क्लिंटन होत्या. अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री असताना सरकारी मेलसाठी घरचा सर्व्हर वापरला, २०१५ साली बोभाटा झाला, पुढच्या वर्षी एफबीआयच्या प्रमुखांनी 'अत्यंत निष्काळजी' म्हटलं. त्यांच्या पंगतीला आपलं पान मांडलेलं बघून मला उगाच बरं वाटलं. पहिल्या खेपेला सत्तर टक्के पडले, कारण मी खरी उत्तरं दिली.

सरळ मार्गही होता. अपवादाची विनंती टाकायची, बॉसने मंजूर करायची, पाच कामाचे दिवस. सोमवार संध्याकाळ झालेली. बोटं मोजून झाली.

रात्री डायनिंग टेबलावर फॉर्म सोळा उघडून त्यातले आकडे वहीत उतरवत बसलो होतो. बायको पोळ्यांचा डबा ठेवायला आली, वहीत डोकावली, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाली, "फोटो काढ की."

काढले. आठ पानांचे आठ. स्क्रीनवर इंद्रधनुष्यासारख्या लाटा, वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइट, खाली पोळ्यांचा डबा. सीएंना व्हॉट्सअ‍ॅप केले आणि गाढ झोपलो.

मंगळवारी सकाळी सात वाजता त्यांचा फोन.

"अहो, बाकी सगळं लागतंय. पण तिसऱ्या पानावर टीडीएसच्या चौकटीत तुमचं टक्कल उमटलंय. जरा बाजूला सरकून पुन्हा काढा."