तुम्ही फक्त टोक धरा, जावईबापू

कापडाच्या दुकानातली कटिंग काउंटरवरची आजी, वय सत्तरच्या पुढे, गळ्यात मेजर-टेप, मला म्हणाली, "बाळा, तू फक्त टोक धर, आम्ही दोघं बघतो." इंग्लिशमध्ये म्हणाली, पण अपमानाला भाषा लागत नाही. "आम्ही दोघं" म्हणजे ती आणि माझे सासरे. आणि अण्णांनी लगेच मराठीतून री ओढली, "होय की, तुम्ही फक्त टोक धरा, जावईबापू." ट्रेलर माझा. पैसे माझे. कार्ड माझं. आणि मी टोक धरून उभा.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. दोन माणसं झोपतील आणि मागचं दार उघडून चहा करता येईल एवढाच, गाडीमागे ओढायचा टिअरड्रॉप ट्रेलर, पण रेडीमेड घ्यायला गेलं की दहा-पंधरा हजार डॉलर ऐकायला येतात. म्हणून मी चार बाय आठ फुटांच्या घडीच्या ट्रेलरवर घरांना इन्सुलेशनला लावतात त्या गुलाबी फोमशीटचा डबा बांधलाय. ह्याला इथली हौशी मंडळी फोमी म्हणतात. दोन इंच जाड शीट, आर-व्हॅल्यू (म्हणजे थंडी अडवायची ताकद) १०, वजन नगण्य, इथे ओहायोतल्या हॉकिंग हिल्सच्या जंगलात ऑक्टोबरात गेलं तरी कुडकुडायला नको. फक्त फोम उघडा ठेवला तर उन्हाने त्याचा भुगा व्हायला लागतो, आणि नुसतं कोपर टेकलं तरी खड्डा. म्हणून त्यावर कॅनव्हास लावायचा, सुतारी गोंद थोडा पाणी घालून पातळ करायचा, त्यात कापड मुरवून चिकटवायचं आणि वरून बाहेरच्या भिंतींचा लॅटेक्स रंग. गरिबांचं फायबरग्लास.

मग खरंच फायबरग्लास का नाही, असं ऑफिसातल्या प्रत्येकाने विचारलंय. अरे बाबांनो, बोटीवाले वापरतात ते पॉलिएस्टर रेझिन स्टायरीनमध्ये असतं आणि ते पॉलिस्टायरीन फोमला जिवंत खातं. मी एका तुकड्यावर मुद्दाम चमचाभर टाकून दाखवलं, बघता बघता आरपार खड्डा. ज्यांनी गणपतीच्या मखराला भलता गोंद लावून थर्माकोलच्या खांबाचं विरघळून वाटोळं केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. (महाराष्ट्रात थर्माकोलच्या मखरावर २०१८ ला बंदी आली आणि मी इथे त्याच्याच सख्ख्या चुलतभावात झोपायची तयारी करतोय, हा विचार रात्री छळतो, असो.) इपॉक्सी फोमला खात नाही, पण इपॉक्सीचा भाव आपल्याला खातो.

तर कॅनव्हास. वाटतं सोपं आहे. नाहीये. रंगारी खाली अंथरतात तो ड्रॉप क्लॉथ स्वस्त पडतो, पण त्याला मधोमध शिवण असते आणि ती नेमकी छताच्या मधून जाते, शिवाय पाकिटावर नऊ बाय बारा फूट लिहिलेलं असतं आणि खाली बारीक अक्षरात की हे शिवायच्या आधीचं माप. म्हणजे शर्टावर बेचाळीस लिहायचं आणि आत एक्केचाळीस द्यायचा. पातळ कापड, अगदी जुनी बेडशीटसुद्धा, गोलाईवर छान बसते पण फोमच्या सगळ्या सांध्यांची रेघ अन् रेघ वर उमटते. जाड कापड सांधे झाकतं पण कोपऱ्यावर वळत नाही आणि गोंद नि रंग पीत सुटतं. ह्यात मधलं शोधायचं. आणि मोजमाप काय तर औंसात. माझ्या डोक्यात औंस म्हणजे कफ सिरपची बाटली.

पूर्वी कापडासाठी जोॲनमध्ये गेलो असतो, ती दुकानांची साखळी आमच्या ओहायोचीच, १९४३ ला क्लीव्हलंडमध्ये सुरू झालेली. पण २०२५ ला सगळी बंद झाली. त्यामुळे आता हे असलं एकट-दुकट दुकान गाठायचं, टोकन घ्यायचं आणि रजईवाल्या बायकांच्या रांगेत उभं राहायचं. त्यांच्याकडे पुढच्या तीन पिढ्यांपुरती चिंध्यांची सोय आहे तरी त्या येतातच. प्रत्येकीचा संवाद वीस मिनिटं. नातीचं नाव, नातीच्या मांजराचं नाव, मग अर्धा यार्ड कापड.

अण्णांना मी नेणार नव्हतो. अण्णा म्हणजे बायकोचे वडील, इचलकरंजीत सायझिंगमध्ये जन्म गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मागावर चढवायच्या आधी उभ्या धाग्याला खळ पाजतात म्हणजे तो तुटत नाही, तो कारखाना म्हणजे सायझिंग. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेत, घरात बसून कंटाळलेत, बायको म्हणाली घेऊन जा, तेवढंच फिरणं. घेऊन गेलो. मोबाइल गाडीत राहिला तरी चालेल पण जाकिटाच्या खिशात पितळी पिक ग्लास पाहिजेच, हा माणूस असा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

पिक ग्लास म्हणजे घडीचं छोटं भिंग. खाली एक इंचाची चौकोनी खिडकी, ती कापडावर ठेवायची, वरून डोळा लावायचा आणि टाचणीच्या टोकाने धागे मोजायचे. मी शेल्फवरून मला बरा वाटलेला गठ्ठा उचलून काउंटरवर ठेवला. अण्णांनी ग्लास उघडला, वाकले आणि मोजायला लागले. मोठ्याने. मराठीत. पलीकडची आजी कात्री हवेत धरून थांबली. मागची रांग थांबली. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस.

"हे कॅनव्हास न्हवं," अण्णा मान वर न करता म्हणाले, "मांजरपाट हाय. जाड मांजरपाट."

मला वाटलं आता दुभाषा मीच. मी घसा साफ केला. पण अण्णांनी थेट तिच्याकडे बघून सांगितलं, "मॅडम. वार्प सिंगल. पिक लेस. नो गुड." म्हणजे उभा धागा एकेरी, आडवे धागे कमी.

आणि ती आजी उजळली हो. अक्षरशः. म्हणाली तुम्ही विणकर का? अण्णा म्हणाले, "सायझिंग." ती म्हणाली, माय गॉड, सायझिंग! असं कुणी माझ्या जावा प्रोग्रामिंगच्या सर्टिफिकेटवर आजवर म्हणालेलं नाही. मग पुढचा पाऊण तास ते दोघं रीड, पिक, काउंट, बीम, वार्प, वेफ्ट असं बोलत होते. अण्णांचं इंग्लिश एकूण पन्नास शब्दांचं आहे, पण ते पन्नासच्या पन्नास तिथे लागू. इतकी वर्षं ह्या देशात काढून, मीटिंगमध्ये ॲक्सेंट मारून, मला त्यातलं एक अक्षर कळेना. मी पार्किंगचं मीटर बघून आलो, परत आलो तेव्हा ती आतून दुसरा गठ्ठा घेऊन आली होती. नंबर डक, म्हणजे घट्ट विणीचा कॅनव्हास, जाडी नंबरावरून ओळखायची.

हिशोब असा की १९ मधून नंबर वजा करायचा, जे उरेल तितके औंस, ३६ बाय २२ इंचाच्या तुकड्याचं वजन. म्हणजे १० नंबर म्हणजे नऊ औंस. मी विचारलं, मग ८ नंबर पातळ ना? दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे बघितलं. वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाकडे बघतात तसं. "नंबर कमी, कापड जाड," अण्णा म्हणाले, "वजाबाकी हाय, जावईबापू." आय.टी.त आहे मी! आणि मी म्हणतो आठ जाड आहे तर आठला मोठा नंबर द्या ना, कुणाच्या बापाचं काय जातंय. पण तिथे माझं ऐकतंय कोण.

शेवटी दहा नंबर ठरला. पन्हा साठ इंच, छत चार फूट, दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच खाली वळवायला. हे गणित मीच करून आणलं होतं, कागदावर, स्केचसकट, पण ते अण्णांनी सांगितल्यावर आजीला पटलं.

आता इथे कापून घरी यायला हरकत नव्हती. पण अण्णांनी कापडाचा कोपरा चुरगळला, कानाजवळ नेला, एक धागा ओढला आणि जिभेला लावला. भर दुकानात. मी रजईवाल्या बायकांकडे बघून हसलो.

"खळ लई हाय. गोंद आत जायचा न्हाई. मॅडम, आयोडीन?"

आणि तिने आणलं! दुकानाच्या फर्स्ट एड पेटीतून, जखमेला पुसायची ती आयोडीनची पट्टी. अण्णांनी पाकीट फाडलं, कापडाच्या कडेच्या तुकड्यावर पट्टी दाबली, आणि सगळी रांग पुढे झुकली. तांबूस डाग निळा झाला, मग काळपट. स्टार्च. आठवीच्या प्रयोगशाळेत बटाट्यावर करतात तेच, पण इथे टाळ्या पडल्या. एका बाईने व्हिडिओ काढला. मी त्यात आहे, टोक धरलेला.

आजीने अण्णांना सीनियर डिस्काउंट दिला. मला नंतर कळलं की तो फक्त मंगळवारी असतो आणि तो दिवस शनिवार होता. मला ह्या देशात रिसीट असताना वस्तू परत करायची म्हटलं तरी ओळखपत्र मागतात. निघताना तिने अण्णांशी हस्तांदोलन केलं आणि माझ्याकडे वळून अतिशय प्रेमाने विचारलं, "आणि तू काय मदत करतोस यांना?"

मी फोम कापला. मी चाकं बसवली. मी उकाड्यात गॅरेजमध्ये पाठ मोडून त्या डब्याची गोलाई घासली, तो गुलाबी भुसा अजून माझ्या कानातून निघतोय. कुणी विचारलं नाही. आता ट्रेलर बघायला येणारा प्रत्येकजण आधी "कापड कुठलं" विचारतो आणि अण्णा खिशात हात घालतात.

बरं, खळ काढायची म्हणजे धुवायचं. कापड धुतलं की आटणार, म्हणून जास्तीचं घेतलेलं. दहा यार्ड ओला डक वॉशिंग मशीनमध्ये काय करतो ते तुम्ही करून बघू नका, मशीन कपड्यांच्या खोलीतून चालत दारापर्यंत आलं. मग वाळवायला मागच्या कुंपणावर टाकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या कॉलनीच्या असोसिएशनची ईमेल, कुंपणावर धुणं वाळत घालणं नियमात बसत नाही, छायाचित्र सोबत. शेजाऱ्याची बोट दोन वर्षं निळ्या ताडपत्रीखाली सडतेय, तिच्यात आता झाड उगवलंय, त्याचं छायाचित्र कुणी काढत नाही. आमचं कापड एक रात्र कुंपणावर, तर लगेच नियम क्रमांक अमुक. दर महिन्याला ह्यांना पैसे भरायचे आणि त्या पैशातून हे झूम लेन्स घेतात की काय कोण जाणे.

मी चिडून उत्तर टाइप करत होतो तर अण्णा चष्मा लावून मागे येऊन उभे राहिले.

"धुणं न्हाई म्हणावं. डिसायझिंग हाय. तसं लिवा."

बायको आतून ओरडली, बाबा सांगतात तसंच लिही. लिहिलंय. पाठवलंय. अजून उत्तर नाही, कापड आत आणलंय, आणि अण्णा विचारतायत की आयोडीन संपलं असेल तर परत त्या दुकानात जायचं का.