२१ इंची टीव्हीच्या १ स्टार रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार दादा, रिव्ह्यू नीट वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं की आईंच्या जुन्या २१ इंची टीव्हीला नुसतं सोल्डरिंग करून ९०० रुपये घेतले, फोनवर घरच्या घरी कसं करायचं विचारलं तर सांगायचं सोडून मी अंगावर ओरडलो, आणि वर आता नवीन होम थिएटर लावलं त्याच आठवड्यात स्क्रीनच्या कोपऱ्यात जांभळा डाग आला म्हणजे आम्हीच काहीतरी बिघडवून ठेवलं. स्टार किती द्यायचे ते तुमचं तुम्ही बघा, पण बाकीचे लोक पण हे वाचतात आणि गिरगाव-परळच्या जुन्या घरांत असे डबा टीव्ही अजून चालू आहेत, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी ओरडण्याचं. हो, ओरडलो, आणि परत तसंच झालं तर परत ओरडेन. फोन स्पीकरवर होता, मी विचारलं प्लग काढलाय का, तुम्ही म्हणालात आत्ताच काढला, मागचं झाकण पण उघडलंय, इथे ट्यूबला एक जाड लाल वायर आणि रबरी कप आहे तो उचलू का. दादा, तो ईएचटीचा, म्हणजे ट्यूबच्या हाय व्होल्टेजचा कप. एवढ्या साइजच्या कलर सेटमध्ये त्याच्याखाली २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढला म्हणून ते लगेच पळून जात नाहीत. ट्यूबच्या काचेला आतून आणि बाहेरून काळा ग्राफाइटचा लेप असतो, मधे काच, म्हणजे आख्खी पिक्चर ट्यूबच एक मोठा कंडेन्सर होऊन बसते आणि चार्ज धरून ठेवते. त्याचा झटका बसला की हात जोरात मागे जातो, मागे नेमकी ट्यूबची मान असते, ती मोडली की ट्यूब गेली, काच अंगावर आली तर ते वेगळंच. आणि खरं सांगू, मला स्वतःला त्या कपापेक्षा पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरची जास्त भीती वाटते. आपल्या २३० व्होल्टचं डीसी झालं की ते ३२५ च्या आसपास जातं, सप्लाय बिघडलेला असेल तर ते तिथेच साठून राहतं, ठिणगी नाही आवाज नाही, बोट लागल्यावरच कळतं. हे फोनवर शिकवायचं नसतं.

धंद्याचं गुपित वगैरे काही नाही हो. यूट्यूबवर स्क्रूड्रायव्हर घालून टक्कन ठिणगी काढून दाखवतात, पण त्या स्क्रूड्रायव्हरला बांधलेल्या वायरचं दुसरं टोक कुठे आहे ते कॅमेऱ्यात येतच नाही. ते ट्यूबच्या बाहेरून जी उघडी जाळीची अर्थ वायर ताणलेली असते तिलाच लावायचं, मिळेल त्या पत्र्याला नाही. शिकायचं असेल तर दुकानात या, स्टूल देतो, समोर बसून बघा. सिरीजला १०० वॅटचा बल्ब लावून सेट कसा चालू करतात तेही बघाल. बल्ब आधी भक्क पेटतो, तो डिगॉस कॉइलचा, म्हणजे ट्यूबमध्ये शिरलेलं मॅग्नेट काढणाऱ्या कॉइलचा करंट, मग मंद झाला तर ठीक आणि फुल पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, सेट जळायच्या आधी कळतं.

आता ९०० रुपये. स्क्रीनवर मधोमध एकच आडवी पांढरी रेघ म्हणजे व्हर्टिकल बसलं, चित्र वर-खाली पसरवणारा भाग बंद पडला. त्याचा आयसी हीटसिंकला लावलेला असतो, रोज तापतो रोज गार होतो, काही वर्षांनी त्याच्या पायांभोवती सोल्डरला बारीक गोल चीर पडते, आपण ड्राय सोल्डर म्हणतो, भिंगाशिवाय दिसत नाही. ते मारलं, बरोबर. पण तेवढंच मारून आलो असतो तर काही दिवसांत चित्र वरून दबायला लागलं असतं, कारण त्याच सप्लायवरचा १००० मायक्रोफॅरॅड ३५ व्होल्टचा कंडेन्सर वर फुगला होता. तो बदलला, काढलेला तुमच्या आईंच्या हातात दिला, त्यांना विचारा. पार्ट स्वस्तातला आहे हे मीच सांगतो, व्हिजिटचे ३००, बाकी पैसे कुठे हात घालायचा आणि कुठे नाही त्याचे. आयसीला हात नाही लावला कारण तो चांगला होता, उगाच बदलून बिल फुगवता आलं असतं, तसं करणारे पण आहेत.

एक गोष्ट रिव्ह्यूत नाही ती मी लिहितो, बाकीच्यांना उपयोगी पडेल. रेघ आल्यावर आवाज येतोय म्हणून सेट तसाच चालू ठेवून बातम्या ऐकत होतात. असं करू नका. ट्यूबमधला सगळा इलेक्ट्रॉनचा बीम एकाच जागी पडत राहतो, तिथला फॉस्फर, म्हणजे काचेच्या आतला चमकणारा लेप जळतो आणि मग दुरुस्त झाल्यावरही त्या जागी काळपट पट्टा कायमचा दिसतो. रेघ दिसली की बंद. बातम्या मोबाईलवर ऐका.

आता तो जांभळा डाग. दादा, व्हर्टिकलच्या कामाचा आणि रंगाच्या डागाचा संबंध नाही. होम थिएटरचा वूफर टीव्हीला चिकटवून ठेवला असेल तर त्याच्या मॅग्नेटने ट्यूबमधली जाळी मॅग्नेटाइज होते, मग तीन रंगांचे बीम आपापल्या ठिपक्यावर न पडता शेजारी पडतात आणि कोपरा जांभळा नाहीतर हिरवा दिसतो. टीव्हीतल्या स्वतःच्या स्पीकरचं मॅग्नेट झाकलेलं असतं, बाहेरच्याचं बहुतेक नसतं. हे मात्र घरी करता येतं आणि झाकण उघडायला लागत नाही. वूफर चार-पाच फूट लांब सरकवा, टीव्ही रिमोटने नाही तर मेन बटणाने बंद करा, अर्धा पाऊण तास गार होऊ द्या, मग मेन बटणानेच चालू करा. चालू होताना घुंss असा आवाज आला तर डिगॉस कॉइल काम करतेय, डाग एका फटक्यात नाही गेला तर असंच अजून करा. आईंना रिमोटनेच बंद करायची सवय आहे, त्यात बऱ्याच सेटमध्ये डिगॉस होतच नाही. आवाजच आला नाही तर पोझिस्टर, म्हणजे डिगॉस कॉइलला करंट देणारा पार्ट गेलाय, तो लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो, मी घेऊन येतो.

बाकी घरी बघायचं म्हटलं तर सेट-टॉप बॉक्सची पिवळी पिन नीट बसलीय का, टीव्ही एव्ही मोडवर आहे का एवढंच. निम्म्या वेळा मुंग्या तिथल्याच असतात. मुंबईत नोव्हेंबर २०१२ पासून केबलला बॉक्स कंपल्सरी झाला, तेव्हापासून केबलची वायर थेट टीव्हीला लावून काही येत नाही, तरी लोक चॅनल ट्यून करत बसतात. आणि पावसाळ्यात मागून सर्रर्र आवाज किंवा कसलातरी उग्र वास आला तर दमट धुळीतून ईएचटी लीक होतंय, बंद करा आणि कुणालातरी बोलवा, आम्हालाच बोलवा असं नाही.

रेघेच्या कामाची १ महिन्याची गॅरंटी बिलावर लिहिलीय, त्यात रेघ परत आली तर व्हिजिटचे पण पैसे नाहीत. डागाचं आधी वर लिहिलंय ते करून बघा, नाही गेला तर फोन करा. सोमवारी दुकान बंद असतं.