हिरवं पाणी उकळून भागत नाही

उन्हाळ्यात उजनीचं पाणी हिरवं पडलं की व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज फिरतो: 'हे नैसर्गिक शेवाळ आहे, त्यानं पाण्यात प्राणवायूच वाढतो. तुरटी फिरवा, उकळा आणि बिनधास्त प्या.' पाणी शुद्धीकरणात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून लिहितो.

शेवाळ नैसर्गिक आहे, त्याचं खाद्य नाही. पुणे, पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून उजनीत उतरतं. त्यातल्या नत्र-स्फुरदावर ते पोसतं, आणि याच धरणाचं पाणी सोलापूर पितं.

प्राणवायू वाढतो तो दिवसा. रात्री शेवाळच तो ओढून घेतं आणि मेलेलं शेवाळ कुजताना तळाशी काहीच उरत नाही. मग गाळातलं लोह, मँगनीज, स्फुरद पुन्हा पाण्यात सुटतं.

तुरटीची मात्रा ठरवायला आम्ही सहा चंचुपात्रं ओळीनं लावतो, प्रत्येकात कमी-जास्त तुरटी घालून ढवळतो. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात कण गाठी धरतात आणि साका तळाला बसतो. हिरव्या पाण्यात त्याच गाठी वर तरंगताना दिसतात, कारण नीलहरित शेवाळाच्या पेशींत वायूच्या पोकळ्या असतात. न बसलेलं सगळं वाळूच्या फिल्टरवर जातं, फिल्टर चोंदतात, पुन्हा पुन्हा उलटे धुवावे लागतात. वैतागून आधीच क्लोरीन वाढवला तर पेशी फुटतात आणि आत काही विष असेल तर ते पाण्यात विरघळतं. विरघळलेलं विष तुरटीला सापडत नाही.

उकळण्याचा सल्ला सर्वांत घातक. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहरात, एरी सरोवरातल्या शेवाळामुळे, सुमारे ५ लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका आणि उकळूही नका असं सांगावं लागलं. नीलहरित शेवाळातलं मायक्रोसिस्टिन हे विष उकळण्यानं मोडत नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं, म्हणजे पेल्यामागे वाढतं. १९९६ मध्ये ब्राझीलच्या कारुआरूत असं पाणी डायलिसिसला वापरलं गेलं, ५० हून अधिक रुग्ण दगावले.

प्रत्येक हिरवं पाणी विषारी नसतं, पण ते डोळ्यांना कळत नाही, प्रयोगशाळेत कळतं. पिण्याच्या पाण्यातल्या मायक्रोसिस्टिनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे. पाणी हिरवं दिसलं की पालिकेला एवढंच विचारा: मायक्रोसिस्टिनची तपासणी शेवटची कधी केली आणि आकडा किती आला?